तलफीच्या यादीतली दोन नावं

बीडच्या तहसील कचेरीत कारकून म्हणून लागलो तेव्हा माझं वय पंचविशीच्या आसपास असावं. आसपास म्हणतो, कारण नक्की वय मला कधी कुणी सांगितलेलं नाही. मोठ्या दुष्काळात निजाम सरकारनं बीडला निराधारांसाठी छपऱ्या घातल्या होत्या. सरकारी भाषेत त्याला मोहताजखाना म्हणत. त्या छपरीतून लिंबागणेशच्या एका लिंगायत दुकानदारानं मला घरी नेलं. नवराबायको दोघंच होती, पोटी मूल नव्हतं. पाचसहा वर्षांनी त्यांना स्वतःचा मुलगा झाला आणि कुणी काही न बोलता माझं अंथरूण माजघरातून दुकानाच्या पडवीत आलं. त्यांनी मला वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही. पोटभर जेवायला घातलं, शिकू दिलं. पण सणाच्या दिवशी घरातल्या माणसांची मोजदाद होई तेव्हा बाईच्या तोंडात माझं नाव शेवटी आणि जरा थांबून यायचं.

त्या दुकानात पुड्या बांधायला जुनी रद्दी येई. त्यात कचेरीतले कागदही असत: कुणाचे अर्ज, कुणाच्या जबान्या, कुणाच्या भांडणाचे निकाल. मोडी अक्षर मी त्या पुड्या सोडवून सोडवूनच शिकलो. पुढं बीडच्या सरकारी शाळेत उर्दू शिकलो. दोन्ही लिपी वाचणारा माणूस कचेरीला हवाच होता, म्हणून नोकरी मिळाली.

बिंदुसरा नदीच्या काठाला एका घराच्या मागच्या अंगाला मी खोली घेऊन राहत होतो. कचेरी सुटल्यावर ज्या बाईकडं भाकरी खायला जायचो तिच्याशी दोन शब्द व्हायचे, "वाढू का अजून?" आणि "पुरे." तेवढंच माझं कचेरीबाहेरचं बोलणं. दोनदा माझ्या लग्नाची गोष्ट निघाली. दोन्ही वेळा ती एकाच प्रश्नापाशी येऊन थांबली. पोरगा कुणाचा? बापाचं नाव काय, गाव कुठलं, जात कोणती? दुकानदार खरं बोलणारा माणूस होता. तो म्हणाला, छपरीतून आणलाय, मला ठाऊक नाही. पाहुणे पाणी पिऊन उठून गेले.

कचेरीच्या मागच्या बाजूला जुन्या कागदांची एक लांबलचक कोठी होती. तिच्यावर एक म्हातारे मोहाफिज होते. मोहाफिज म्हणजे कागदपत्रांचा राखणदार. अंगानं काटक, दाढी मेंदीनं रंगवलेली, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. कोठीची किल्ली ते कंबरेला बांधत आणि दुसऱ्याच्या हातात कधी देत नसत. एका हिवाळ्यात वरून हुकूम आला की कोठी गच्च भरली आहे, वाळवी लागली आहे, तेव्हा जुने कागद निवडा. जमिनीचे, वारसाचे, इनामाचे कायम ठेवा. ज्यांची मुदत सरली ते तलफ करा. तलफ म्हणजे रीतसर नष्ट करणं. उर्दू आणि फारशी मोहाफिज वाचणार आणि मोडी मी, असं ठरलं आणि मी त्यांच्या हाताखाली गेलो.

तो हिवाळा आम्ही दोघांनी त्या कोठीत काढला. लाल कापडाचा बस्ता सोडायचा, आतल्या प्रत्येक कागदाचा मजकूर पाहायचा, ठेवायचा तो उजवीकडं, जायचा तो डावीकडं. डावीकडच्या प्रत्येक कागदाची यादीत नोंद करायची. मोहाफिज घाई करू देत नसत. मी एकदा एक गठ्ठा वरवर चाळून डावीकडं सरकवला, तर त्यांनी तो परत माझ्यापुढं ठेवला.

"पुरा वाच," ते म्हणाले. "जाळल्यावर वाचता येत न्हाई."

त्यांचा सगळ्यात मोठा राग रद्दीवर होता. पूर्वी निकामी कागद बाजारात जात, ते त्यांनी बंद करवलं होतं. मी एक दिवस त्यांना सांगितलं की मी अक्षर शिकलो ते त्याच पुड्यांवर. त्यांनी हातातला बस्ता बांधून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तू शिकला, चांगलं झालं. पण त्या पुडीत कुणाची तरी अब्रू बांधलेली व्हती, मियाँ."

दुपारी ते नमाजाला जात तेव्हा कोठीत मी एकटाच असे. वाळवीनं खाल्लेल्या कागदाचा एक मातकट वास येतो. तो वास आणि भिंतीवरची पाल, एवढीच सोबत. त्या वेळी मला एक सवय लागली होती. अर्जातली माणसं कशी दिसत असतील, याचा विचार करत बसायचो. कुणी विहिरीच्या वाटेसाठी भांडला होता, कुणी चोरीला गेलेल्या बैलाचं वर्णन दिलं होतं, शिंगापासून शेपटीपर्यंत. बैलाबद्दल एवढं लिहिलेलं, आणि आपल्याबद्दल कुठं एक ओळ नाही, असं मनात येई.

शिमग्याच्या सुमारास मोहताजखान्याचा बस्ता निघाला.

वर लिहिलेलं वाचलं आणि माझे हात थांबले. मोहाफिज समोरच बसले होते. आत धान्याच्या चिठ्ठ्या होत्या, मेलेल्यांच्या अर्धवट याद्या होत्या, आणि सगळ्यात खाली शिवलेल्या काही पानांची एक यादी होती. मोडीत लिहिलेली. छपरीतली जी पोरं लोकांच्या हवाली केली त्यांची. नाव, बापाचं नाव, गाव, जात, अंदाजे वय, अंगावरची खूण, कुणाच्या ताब्यात दिलं.

मी शेवटचा रकाना बोटानं खाली खाली वाचत गेलो. तिसऱ्या पानावर लिंबागणेश आलं. दुकानदाराचं नाव होतं. त्या ओळीच्या सुरुवातीला माझं नाव होतं. पुढं बापाचं नाव. पाटोद्याकडच्या एका खेड्याचं नाव. जात कुणबी. वय सुमारे चार. खूण, डाव्या कानामागं भाजल्याचा डाग, ताजा.

वरच्या ओळीत एका मुलीचं नाव होतं. वय सुमारे आठ. बापाचं नाव तेच, गाव तेच. ताबा चौसाळ्याच्या एका शेतकऱ्याकडं. दोन्ही ओळींना जोडणारा एक कंस काढून बाजूला लिहिलं होतं, सख्खी भावंडं.

"क्या हुआ रे?" मोहाफिजांनी विचारलं. माझ्या तोंडाकडं पाहूनच विचारलं असावं.

मी पान त्यांच्यापुढं केलं. मोडी त्यांना येत नव्हती, म्हणून मला वाचून दाखवावं लागलं. खुणेपाशी आलो तेव्हा ते म्हणाले, "इकडं ये." मी त्यांच्यासमोर बसलो. त्यांनी माझी हनुवटी धरून मान वळवली, कानाची पाळी पुढं दुमडली आणि अंगठ्यानं मागची कातडी चाचपली. कुणी माझ्या चेहऱ्याला हात लावला त्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे. त्यांचा हात बाजूला झाला तरी मी तसाच मान वळवून बसून राहिलो.

"है," ते म्हणाले. "डाग है."

मी विचारलं, "ही यादी ठेवायची ना?"

त्यांनी हुकमाचा कागद काढला, वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला आणि मान हलवली. "जमीन न्हाई, वारसा न्हाई, इनाम न्हाई. ठेवायच्यात बसत न्हाई."

"निदान माझं पान तरी."

"तीस-चाळीस पोरं हैत यात. तुझं पान ठेवायचं आन् बाकीच्यांचं जाळायचं? मग मी मोहाफिज कशाचा?"

"मग सगळीच ठेवा."

"मग हुकूम कशाला काढलाय?"

मला त्यांचा फार राग आला. मी उठून उजेडात जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळानं ते मागून आले आणि एक कोरा कागद माझ्या हातात दिला. "दरखास्त लिही," ते म्हणाले. "ज्याचा मतलब असंल त्याला जाळण्याआधी नक्कल मागता येती. तहसीलदार इचारतील, तो पोरगा तूच कशावरून. खुणेची पडताळणी मी लिहून देतो."

मी अर्ज केला. तहसीलदार हैदराबादचे, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी मोहाफिजांची पडताळणी वाचली, माझा कान पाहिला नाही, सही केली. बाकीच्या पोरांसाठी कचेरीच्या दारावर उर्दूत एक सूचना लागली की ज्यांना नक्कल हवी त्यांनी यावं. खाली मी तीच सूचना मराठीत लिहून चिकटवली. पंधरा दिवस ती उन्हात पिवळी पडत राहिली. कुणीही आलं नाही.

नक्कल हातात आल्यापासून मी दुसराच कुणी झालो होतो. रस्त्यानं चालताना मी मनातल्या मनात माझं नाव बापाच्या नावासकट म्हणत असे. खोलीत एका कागदावर ते सहीसारखं लिहून पाहिलं. आणि बहीण! लिंबागणेशहून चौसाळ्याला सकाळी निघालं तर दिवस मावळायच्या आत पायी पोचता येतं. इतकी वर्षं आम्ही एवढ्या अंतरावर राहिलो होतो.

शुक्रवारी कचेरीला सुट्टी असे. गुरुवारी दुपारी चौसाळ्याच्या एका व्यापाऱ्याची गाडी निघाली होती तिच्यात मी बसलो. मुक्काम गावातल्या मारुतीच्या देवळात केला. सकाळी यादीतल्या शेतकऱ्याच्या घरी गेलो. तो वारला होता. त्याच्या सुनेनं सांगितलं की त्या पोरीला सासऱ्यानं लेकीसारखी वाढवली आणि गावातल्याच एका कास्तकाराच्या घरी दिली. आता ती खळ्यावर असेल.

ज्वारीची मळणी चालू होती. मधल्या खुंट्याभोवती बैलांची पात फिरत होती, तिच्यामागं एक पुरुष होता. अलीकडं एक बाई ज्वारीच्या ताटांची कणसं खुडत बसली होती. तिशीची असेल. रंग माझ्यासारखाच सावळा आहे, असं मला लगेच वाटलं. मी जवळ जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, त्यातलं काही आठवेना. मी फक्त माझं नाव सांगितलं.

तिच्या हातातलं ताट तसंच राहिलं.

"कुनाचं नाव घेतलं?" ती म्हणाली.

"माझंच. बीडच्या मोहताजखान्यात होतो मी. लिंबागणेशच्या वाण्यानं नेलं."

ती माझ्याकडं पाहत राहिली. "नाव त्येच ठिवलं व्हय तुजं?" असं हळूच म्हणाली. मग म्हणाली, "डावा कान दाव."

मी वळून दाखवला. तिनं हात लावला नाही.

"आंबिलीचा हाय त्यो डाग," ती म्हणाली. "वाढप्याच्या हातून सांडली तुज्या अंगावर. म्या तितंच व्हते."

मी नक्कल काढली. "यात लिहिलंय सगळं. तुझं नाव, माझं नाव. सख्खी भावंडं म्हणून. तू माझी बहीण आहेस."

"न्हाई," ती म्हणाली.

मला वाटलं तिला नीट कळलं नाही. मी पुन्हा सांगू लागलो. तिनं ताट खाली ठेवलं आणि पदर सारखा केला.

"माजा भाऊ मेला," ती म्हणाली. "त्या छपरीतच. म्या मांडीवर घिऊन बसलते. पहाटं बघते तर गार. दोन मानसं आली, बाकीच्या मड्यांसंगं त्यालाबी उचलून नेलं. कुनी काई इचारलं न्हाई, कुनी लिवलं न्हाई."

"मग यादीत हे नाव..."

"सांगते की. आमी आलो तवा मुन्शीनं दोन नावं लिवली व्हती. रोज सकाळी हाका मारायचा. ज्यांची दोन लिवली त्या दोगांनी हुबं ऱ्हायाचं, मग आंबील. त्या दिशी मला वाटलं, एकटीच हुबी ऱ्हायले तर भाईर काढतेल. कागदात दोन हायेत, दोन पोरं दिसाया पायजेत. तू खांबाला टेकून रडत बसलता. दोन दिस तसाच बसलता. तुज्यासंगं कुनीच नव्हतं. मुन्शी आमचं नाव घेतोय तवर म्या तुजा हात धरला अन् तुला हुबं केलं."

बैल आमच्या जवळून वळून गेले. मी विचारलं, "मग मी कुणाचा?"

"ते मला ठावं न्हाई," ती म्हणाली. "तुला इचारलं व्हतं तवा. तुला सांगता येत नव्हतं."

मी तिथंच पेंढ्यांवर बसलो. ती पुन्हा कणसं खुडायला लागली होती. कामाशिवाय बसायची सवय नसावी. खाली बघतच ती पुढं बोलली.

"दोन महिने व्हतास माज्यापशी. माज्या पाठीला लागून झोपायचास. वाण्यानं तुला नेलं तवा म्या रडले न्हाई. माजा भाऊ आदीच गेलता. हितं आल्यावर मातर लई रडले. त्याच्यासाटी का तुज्यासाटी, मलाच कळंना."

"इतक्या वर्षांत एकदा तरी शोधायचं होतंस," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता.

"कावून शोधायचं? येऊन काय सांगायचं व्हतं तुला? तू माजा न्हाईस, हेच ना?"

मी नक्कल घडी करून खिशात ठेवली. तेवढ्यात पात थांबवून तिचा नवरा आला. कपाळाचा घाम पुशीत त्यानं विचारलं, पाहुणे कोण. ती म्हणाली, "कचेरीतले हायेत. दुष्काळातल्या कागदाचं इचारत्यात." आणि मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "भाकर खाऊन जावा तुमी."

तू म्हणणारी बाई तेवढ्यात तुमी म्हणायला लागली. मी भाकरी खाल्ली. तिनं ठेचा वाढला, लोट्यातलं पाणी दिलं. नवरा भला माणूस होता, कचेरीतल्या हवापाण्याच्या गोष्टी विचारत होता. मी काय उत्तरं दिली, देव जाणे.

परतीला गाडी मिळाली नाही. बीडच्या वाटेवर मांजरसुंब्याच्या घाटापर्यंत चालत आलो. कपिलधारेच्या तीर्थावर न्हाऊन, दर्शन करून परतणारी माणसं रस्त्यानं चालली होती. बायकांचे केस ओले होते, पोरं बापांच्या खांद्यावर बसली होती. माझ्या खिशात सरकारी शिक्क्याचा कागद होता, त्यावर बापाचं नाव होतं. काल गाडीत येताना त्या नावाच्या माणसाचा चेहरा मी मनात तयार केला होता, मिशीसकट. तो आता कुठं ठेवावा कळेना. आणि माझं स्वतःचं नाव! तेसुद्धा एका मेलेल्या पोराचं होतं. छपरीत यायच्या आधी कुणीतरी मला दुसऱ्याच कुठल्या नावानं हाक मारत असणार. ती हाक ऐकलेलं माणूस जगात उरलं नव्हतं, आणि मलाही ती आठवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मोहाफिजांनी बस्ता सोडता सोडता विचारलं, "मिली?"

मी सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "यादी खोटी आहे."

"यादी खोटी न्हाई," ते म्हणाले. "मुन्शीनं इचारलं, पोरीनं सांगितलं, त्यानं लिवलं. त्यानं काय करायला पायजे व्हतं?"

मी नक्कल त्यांच्यापुढं ठेवली. "ही परत घ्या. नाहीतर त्या यादीबरोबर जाळा."

त्यांनी ती हातात घेतली नाही. त्यांनी आधी कायद्याचं पुस्तक काढलं, मग हुकूम काढला. दोन्ही वाचून झाल्यावर म्हणाले, "दिलेली नक्कल परत घ्यायचा कायदा न्हाई. आन् तलफीच्या यादीत जे न्हाई ते आगीत टाकता येत न्हाई." मग नेहमीपेक्षा खालच्या आवाजात म्हणाले, "शिक्का खरा है. हा कागद दाखवून तुझं लगीन व्हईल. मी काही बोलणार न्हाई. ती बाई पण बोलणार न्हाई."

ते मला मोहात पाडत नव्हते, आहे ते सांगत होते. पण मी मोहात पडलो हे खरं. नक्कल महिनाभर माझ्या पेटीत राहिली. एकदा ती घेऊन लिंबागणेशला जायला निघालोही, दुकानदाराला दाखवावी, पुन्हा कुठं गोष्ट काढा म्हणावं. वेशीपर्यंत जाऊन परत आलो. लग्नाच्या वेळी गुरुजी बापाचं नाव विचारतील आणि मी ते घेईन तेव्हा मला त्या खळ्यावरची बाई दिसेल, हे मला कळून चुकलं होतं.

चैत्र संपता संपता तलफीचा दिवस ठरला. कचेरीच्या मागं कमरेएवढा खड्डा खणला होता. पेशकार, म्हणजे तहसीलदारांच्या खालचा अधिकारी, साक्षीला खुर्ची टाकून बसला. रीत अशी, की यादीतला आकडा मी वाचायचा, कागद मोहाफिजांनी वर धरून दाखवायचा, उभा-आडवा फाडायचा आणि आत टाकायचा, मग पेशकारानं यादीवर खूण करायची. ऊन तापत होतं. शेवटी शेवटी मोहताजखान्याची यादी आली.

नियमानं मी फक्त आकडा वाचायचा होता. मी आकडा वाचला आणि मग पहिल्या पोराचं नाव वाचलं. मग दुसऱ्याचं. पेशकार म्हणाला, "ये क्या चलाया?" मोहाफिज त्याच्याकडं न बघता म्हणाले, "मोडी है साहेब, मला वाचता येत न्हाई. काय फाडतो ते मला कळलं पायजे." पेशकारानं टोपीनं वारा घेत मान फिरवली. मी सगळी नावं वाचली, बापांच्या नावांसकट, गावांसकट. काहींच्या बापाच्या जागी नुसतं ठाऊक नाही असं होतं, तेही वाचलं. मुलीचं नाव वाचलं. तिच्या भावाचं नाव वाचलं. यादी संपली तेव्हा मोहाफिजांनी पानं सावकाश फाडली.

आग विझल्यावर राखेत पाणी ओतून काठीनं ढवळावं लागतं, एखादा तुकडा अक्षरांसकट राहू नये म्हणून. ते काम त्यांनी स्वतः केलं. अर्धवट जळलेले दोन तुकडे सापडले, ते पुन्हा पेटवले. मग आम्ही तिघांनी सह्या केल्या.

आता ती दोन नावं फक्त माझ्या पेटीतल्या नकलेवर उरली होती. पुढच्या शुक्रवारी मी चौसाळ्याला गेलो. ती घरीच होती, नवरा बाजाराला गेला होता. मी उंबऱ्याबाहेरच बसलो आणि कागद तिच्यापुढं केला.

"हे तुमचं आहे," मी म्हणालो. "कचेरीतला जाळला. आता एवढाच आहे."

"मला कुटं वाचता येतंय," ती म्हणाली.

"मी वाचतो."

मी वाचलं. तिनं तीनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "माज्या बापाचं नाव कुटं हाय?" मी दाखवलं. तिनं त्यावर बोट ठेवलं. "अन् भावाचं?" मी तेही दाखवलं. ते माझंही नाव होतं, पण ती जिथं बोट ठेवून बसली होती तिथं ते तिच्या भावाचंच होतं. तिनं बोट बराच वेळ उचललं नाही. मग कागदाची घडी घातली, फडक्यात गुंडाळली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवून आली.

"तुमच्यापशी काय ऱ्हायलं मग?" तिनं बाहेर येऊन विचारलं.

"नाव राहिलं," मी म्हणालो. "तेही तुमचंच."

"असू द्या," ती म्हणाली. "पोराचं नाव वापरात हाय, बरंच हाय की." पण त्या नावानं तिनं मला त्या दिवशी हाक मारली नाही, आणि पुढंही कधी मारली नाही.

त्या वर्षी भाऊबीजेला बोलावणं येईल असं मला उगीचच वाटत राहिलं. खोलीचं दार मी दिवसभर उघडं ठेवलं होतं. बोलावणं आलं नाही. तिनं का बोलवावं? मी तिचा भाऊ नव्हतो, आणि तिला खोटं एकदाच, पोटासाठी, बोलावं लागलं होतं.

मोहाफिज दोन वर्षांनी नोकरीतून निघाले आणि औरंगाबादला लेकीकडं गेले. कंबरेची किल्ली सोडून त्यांनी माझ्या हातात दिली आणि कोठीची एक एक फळी हात लावून मोजून दाखवली. जाताना मला जवळ घेतलं नाही, तशी त्यांची रीत नव्हती. मग त्या कोठीत मी एकटाच बसू लागलो. लग्न झालं नाही. कुणी विचारलं तर मी खरं सांगत आलो, आणि माणसं पाणी पिऊन उठून जात राहिली.

पुढं माझी बदली मोमिनाबादला झाली. निघण्याआधी वाट वाकडी करून मी चौसाळ्याला गेलो. ती वावरात कापूस वेचत होती. केस कानाजवळ पांढरे व्हायला लागले होते. बांधावर उभा राहून मी बदलीचं सांगितलं.

"लांब हाय का?" तिनं विचारलं.

"गाडीनं दोन दिवस."

"तितंबी कागदच का?"

"कागदच."

ती हसली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. कंबरेच्या ओट्यातला कापूस तिनं पाटीत रिकामा केला, फडक्यातल्या दोन भाकरी आणि कांदा माझ्यापुढं धरला. "वाटंत खावा," म्हणाली. मी घेतलं. गाडीवाला हाका मारत होता.

गाडी रस्त्याला लागेपर्यंत मी मागं बघत होतो. ती पाठमोरी होती आणि ओळ धरून पुढं पुढं वेचत चालली होती.